बॅरलमागे नऊ डॉलर दहा सेंट

दक्षिण सुदानचं तेल आपल्या पाईपलाईनीतून समुद्रापर्यंत नेऊ देण्याचे सुदानने मागितले बॅरलमागे ३६ डॉलर. दक्षिण सुदान द्यायला तयार होता एक डॉलरच्याही आत. मंडईत एवढ्या अंतरावरून कुणी घासाघीस सुरू केली, तर शेजारचा गाळेवाला हसून दोघांनाही वाटेला लावेल. इथे मात्र दोन देश समोरासमोर होते, मधे आफ्रिकी संघाचे मध्यस्थ होते, आणि २०१२ साली महिनोन् महिने ही घासाघीस इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबाच्या हॉटेलांत फेऱ्याफेऱ्यांनी चालली होती. तेल-ऊर्जेच्या बातम्या देणाऱ्या एका वृत्तसेवेसाठी मी तिचं वार्तांकन करत होते.

मला धाडण्यामागचं कारण भारतीय होतं. ओएनजीसी विदेशने २००३ मध्ये टॅलिस्मन या कॅनेडियन कंपनीकडून सुदानच्या ग्रेटर नाईल प्रकल्पातला २५ टक्के वाटा विकत घेतला होता आणि त्याच वर्षी तिथलं कच्चं तेल मंगळुरूला उतरलं होतं. सुदानची राजधानी खार्टूम ते पोर्ट सुदान ही तयार इंधनाची ७४१ किलोमीटरची पाईपलाईनही ओएनजीसी विदेशनेच उभारून दिली. प्रकल्पात चीनचा आणि मलेशियाचा वाटा आपल्यापेक्षा मोठा, पण रक्कम आपल्यालाही जड वाटावी अशी. त्यामुळे दिल्लीतल्या वाचकाला दोनच गोष्टी हव्या होत्या: तेल वाहणार कधी आणि कितीला.

भांडण समजायला नकाशा पुरे. ९ जुलै २०११ ला दक्षिण सुदान वेगळा झाला. अखंड सुदानच्या तेलापैकी सुमारे तीन चतुर्थांश तेल त्याच्याकडे गेलं. पाईपलाईनी, शुद्धीकरण कारखाना आणि तांबड्या समुद्रावरचं बंदर हे सगळं उत्तरेकडे राहिलं. हेगलिग या तेलक्षेत्राहून पोर्ट सुदानला जाणारी पहिली पाईपलाईन सुमारे १,६०० किलोमीटर लांब, १९९९ पासून चालू. दुसरी पेट्रोडार या कंपनीची, अपर नाईल प्रांतातून निघणारी, २००६ ची. २००५ च्या शांतता करारानुसार दक्षिणेतल्या तेलाचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं वाटलं जायचं. फाळणीच्या दिवशी ती वाटणी संपली आणि तिच्या जागी काय, हे मात्र कुणीच लिहून ठेवलं नव्हतं. एवढी मोठी गोष्ट सहा वर्षांत ठरवायची राहून गेली याचं मला आजही नवल वाटतं.

डिसेंबर २०११ मध्ये खार्टूमने थकलेल्या भाड्यापोटी दक्षिणेचं तेल परस्पर काढून घ्यायला सुरुवात केली. जुबा, म्हणजे दक्षिणेची राजधानी, म्हणाली ही चोरी आहे, ८१ कोटी ५० लाख डॉलरची. आणि जानेवारीत तिने असं काही केलं की जे सहसा फक्त धमकी म्हणून वापरतात: स्वतःच्याच विहिरी बंद केल्या. दिवसाला साडेतीन लाख बॅरल. सरकारी उत्पन्नाचा ९८ टक्के हिस्सा ज्यातून येतो तो नळ त्यांनी आपल्या हाताने बंद केला.

तिथून माझं काम सुरू झालं. आंतरराष्ट्रीय वाटाघाटींचं वार्तांकन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लांबलचक टेबल आणि दोन्ही बाजूंचे झेंडे येतात. टेबल असतं, पण त्याचं दर्शन सुरुवातीला फोटोसाठी आणि शेवटी सहीसाठी, तेवढंच. मधला सगळा काळ लॉबी.

लॉबीपर्यंत पोहोचायला आधी कागद. भारतातून वृत्तसेवेचं पत्र, इथिओपियाच्या सरकारी माध्यम विभागाकडे अर्ज, मग तात्पुरतं ओळखपत्र. विमानतळावर लॅपटॉप, रेकॉर्डर, कॅमेरा यांची नोंद, जाताना तेच परत नेताय ना याची खातरजमा. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने अर्ज वाचून नम्रपणे विचारलं, "फक्त सुदानची बोलणी ना?" मी हो म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं, "इथिओपियाविषयी काही नाही?" पुन्हा हो. शिक्का पडला.

हा प्रश्न रिकामा नव्हता. त्या वेळी त्याच शहरातल्या कालिती तुरुंगात मार्टिन शिब्ये आणि योहान पेर्सोन हे दोन स्वीडिश पत्रकार होते. इथिओपियाच्या ओगादेन भागातल्या तेलशोधाचा तिथल्या लोकांवर काय परिणाम होतोय हे बघायला ते २०११ च्या मध्यावर बंडखोरांबरोबर सोमालियाच्या बाजूने आत शिरले, पकडले गेले, आणि डिसेंबरात त्यांना अकरा वर्षांची शिक्षा झाली. पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये माफी मिळून ते सुटले. इथिओपियाचाच पत्रकार एस्किंदर नेगा याला मात्र त्याच वर्षीच्या जुलैत २००९ च्या दहशतवादविरोधी कायद्याखाली अठरा वर्षं ठोठावली गेली. म्हणजे तेल, बंडखोरी आणि पत्रकार हे तिन्ही विषय एकत्र आले की काय होतं, याचं उदाहरण हॉटेलपासून गाडीने जाण्याच्या अंतरावर होतं. लॉबीत आम्ही त्याबद्दल फारसं बोलत नसू. यजमानाच्या घरात यजमानाविषयी बोलायचं नाही, हा पाहुण्यांचा जुना नियम बातमीदारही पाळतात. तो पाळावा की नाही, हा प्रश्न वेगळा.

दोन्ही शिष्टमंडळं हॉटेलच्या वेगवेगळ्या बाजूंना. मध्यस्थांचं पथक दक्षिण आफ्रिकेच्या थाबो म्बेकींचं, त्यांच्याबरोबर नायजेरियाचे अब्दुस्सलामी अबुबकर आणि बुरुंडीचे पिएर बुयोया: तिघेही माजी राष्ट्रप्रमुख. मध्यस्थांची माणसं कागद घेऊन इकडून तिकडे जात. दक्षिणेचे मुख्य वाटाघाटीकार पागान अमूम. ते भेटायचे, बोलायचे आणि त्यांना मथळा कसा होतो याची पक्की जाण होती. उत्तरेकडचे लोक कमी बोलत, बोलले तर अरबी पत्रकारांशी आधी. तेव्हा पहिले काही दिवस माझ्या बातम्यांत दक्षिणेचं पारडं आपसूकच जड झालं. बोलणाऱ्याची बाजू छापून येते, गप्प बसणाऱ्याची येत नाही. त्यावर उतारा एकच होता. राजकारणी सोडून द्यायचे आणि दोन्ही बाजूंचे तांत्रिक लोक गाठायचे.

ते ओळखायला सोपे. सूट अंगाला न बसणारा, हातात लॅपटॉपची फुगलेली बॅग, आणि नाश्त्याला सगळ्यांच्या आधी हजर. नेते रात्री दोनपर्यंत जागत आणि दहाला उतरत, हे लोक साडेसहाला ऑम्लेटच्या रांगेत. मी माझी झोपेची वेळ बदलली. महिनाभरात मला जे काही खरंखुरं कळलं, त्यातलं बहुतेक सकाळी सात वाजण्याच्या आत कळलं.

त्यांच्याकडून समजलं की ३६ आणि एक हे दोन आकडे एकाच गोष्टीचे नव्हतेच. शुल्क तीन तऱ्हेचं. तेलातलं पाणी-गाळ काढून ते वाहण्याजोगं करण्याचं प्रक्रिया शुल्क, पाईपमधून नेण्याचं वाहतूक शुल्क, आणि आपल्या भूमीतून जाऊ दिल्याबद्दलचं पारगमन शुल्क. जुबा जेव्हा "जगात कुठेही एवढं घेत नाहीत" म्हणून चाड–कॅमेरून पाईपलाईनचं उदाहरण द्यायची, तेव्हा ती फक्त तिसऱ्या शुल्काबद्दल बोलत असे, आणि ते तिथे खरोखरच अर्ध्या डॉलरच्या आत होतं. खार्टूम जेव्हा ३६ म्हणायचं, तेव्हा त्यात तिन्ही शुल्कं तर होतीच, शिवाय फाळणीने तिजोरीला पडलेलं भगदाडही होतं. ते भगदाड शुल्कात मोजायचं की वेगळं, यावर बोलणी कित्येक आठवडे अडून होती. बाहेर मात्र आम्ही सगळे "३६ विरुद्ध १" असंच छापत होतो, कारण ते वाचायला झणझणीत.

त्या सकाळच्या रांगेतच एक मराठी इंजिनिअर भेटले. प्रकल्पातल्या एका भागीदाराकडून सल्लागार म्हणून आलेले, उरणला बरीच वर्षं काढलेले. माझं नाव वाचून त्यांनी थेट मराठीत सुरुवात केली. "ताई, भाव काय ठरायचा तो ठरेल. पाईपचं काय झालंय ते विचारा." नाईल ब्लेंड काय किंवा डार ब्लेंड काय, दोन्ही तेलांत मेण भरपूर. गरम राहिलं तर वाहतं, थंड पडून थांबलं की आतल्या आत थिजतं. म्हणून दक्षिणेने विहिरी बंद केल्यावर पाईपलाईन तशीच तेलाने भरलेली ठेवता येत नव्हती. ती पाण्याने धुऊन पाण्यानेच भरावी लागली, गंज चढू नये म्हणून त्यात रसायन घालून. परत चालू करायची तर ते शेकडो किलोमीटर पाणी पुढे ढकलत न्यायचं, आणि मधल्या प्रत्येक पंपिंग स्टेशनला वीज हवी, म्हणजे डिझेल हवं, म्हणजे रस्ता मोकळा हवा. ते रुमालावर पेनने स्टेशनांचे ठिपके काढत होते. चौथ्या-पाचव्या ठिपक्यापाशी थांबून म्हणाले, "इथून पुढे आमची माणसं लष्कराच्या गाडीशिवाय जात नाहीत. हे तुमच्या करारात कुठल्या कलमात आहे?"

कुठल्याच कलमात नव्हतं. त्या प्रश्नाने माझ्या कामाचा रोख बदलला.

सुदानच्याच दक्षिण कोर्दोफान प्रांतात ५ जून २०११ पासून आणि ब्लू नाईल प्रांतात १ सप्टेंबरपासून लढाई पेटलेली होती. एसपीएलएम-उत्तर हे बंडखोर म्हणजे दक्षिणेच्या मुक्तिलढ्यातले जुने सोबती, फाळणीच्या रेषेने उत्तरेत राहून गेलेले. त्यांच्याशी २८ जून २०११ ला याच अदिस अबाबात एक चौकट-करार झालाही होता. सुदानकडून नाफी अली नाफी, तिकडून मलिक अगार यांची सही. काही दिवसांतच राष्ट्राध्यक्ष बशीर यांनी तो झटकून टाकला. त्यानंतर खार्टूमची भूमिका एकच: तेल हा दोन देशांतला प्रश्न, बंड हा आमच्या घरातला. घरातल्या प्रश्नावर परक्यांशी बोलायचं नाही. आणि त्याच दमात आरोप असा की या बंडाला दाणागोटा जुबाहून येतो. जुबा नाकारायची. म्हणजे जो प्रश्न घरातला म्हणून टेबलावर घ्यायचा नाही, त्याचीच तक्रार टेबलावरच्या दुसऱ्या पक्षाबद्दल. या गाठीत सगळी बोलणी अडकलेली होती, आणि तिची बातमी करणं सगळ्यात अवघड.

अवघड का, ते खार्टूमला गेल्यावर कळलं. बोलण्यांच्या फेऱ्यांमधल्या काळात मी तिथे होते. परदेशी पत्रकाराला तिथे उतरल्यावर पोलिसांत नोंदणी, मग माध्यम परिषदेकडून ओळखपत्र, फोटो काढायचा तर त्याचा वेगळा परवाना, आणि शहराबाहेर पाऊल टाकायचं तर प्रवासाचा परवाना. अर्जात मी 'कादुगली' लिहिलं, दक्षिण कोर्दोफानातलं मुख्य शहर. कारकुनाने वाचलं, पेन घेतलं, त्यावर आडवी रेघ मारली आणि अर्ज माझ्याकडे सरकवला. नकाराचं पत्र नाही, कारण नाही. नवा फॉर्म भरून त्यात फक्त 'खार्टूम' लिहिलं तर तो मात्र त्याच दुपारी मंजूर.

मग एप्रिलमध्ये हेगलिग झालं. १० तारखेला दक्षिणेच्या सैन्याने ते तेलक्षेत्र घेतलं, २० तारखेला माघारीची घोषणा केली, आणि सुदानने ते आपण लढून परत मिळवल्याचं सांगितलं. फाळणीनंतर सुदानकडे उरलेल्या तेलातलं जवळपास निम्मं तिथून निघायचं. जुबात बशीर आणि दक्षिणेचे राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर यांची ठरलेली भेट आधीच रद्द झाली होती. आता काही दिवसांतच सरकारने बातमीदारांना विमानाने तिकडे न्यायची तयारी केली. ज्या परवान्यासाठी मी चकरा मारत होते त्याची गरजच उरली नाही. यादीत नाव घातलं गेलं, पहाटे विमानतळावर या म्हणून निरोप.

तिथे जे दाखवायचं ते भरपूर होतं. जळून आत कोसळलेली टाकी, तिच्या पत्र्याला पडलेल्या सुरकुत्या, जमिनीवर साचून वर कातडं धरलेलं तेल, त्यात उमटलेले बुटांचे ठसे. वास इतका दाट की दुपारी हातात दिलेला बिस्किटांचा पुडा मी न फोडताच बॅगेत टाकला. गणवेशातले अधिकारी सांगत होते, हे दक्षिणेने केलं. असेलही. मी प्रक्रिया केंद्राच्या कडेने थोडी पुढे गेले, तर एक तरुण सैनिक अतिशय अदबीने आडवा झाला. "तिकडे काही नाही." तिकडे, ईशान्येला, दक्षिण कोर्दोफानातल्या नूबा पर्वतांचा मुलूख होता, जिथे विमानातून बॉम्ब पडत होते आणि लोक खडकांच्या कपारींत राहत होते हे सीमेपलीकडच्या छावण्यांत पोहोचलेल्यांकडून जगाला कळत होतं. मला सरकारी खर्चाने तेलाची जखम दाखवली गेली. माणसांची पाहायला जायची सोय नव्हती.

परत येऊन मी दोन्ही लिहिलं: काय दाखवलं आणि कुठे जाऊ दिलं नाही. आमच्या डेस्कने दुसरा भाग काढला. रागाने नव्हे, सवयीने. "बाजाराला उत्पादन कधी सुरू होतंय ते हवंय," असा निरोप आला. सेन्सॉर म्हटलं की आपल्याला गणवेशातला माणूस आठवतो. त्या संध्याकाळी माझ्यापुरतं त्याचं काम शब्दमर्यादेने केलं, तेही कुणाचाही फोन न येता. हे मला आजही जास्त बोचतं.

स्थानिक पत्रकारांना मात्र फोन यायचेच. एका अरबी दैनिकाच्या संपादकांना मी भेटायला जायची. जुनी इमारत, पंख्याखाली चहा, आणि बोलणं सुरू करण्याआधी दोघांचेही मोबाईल दुसऱ्या खोलीत. ते मला "या उस्ताज़ा" म्हणत, मी त्यांना उस्ताज़. त्यांनी समजावलं की पूर्वी सुरक्षा खात्याची माणसं छपाईआधी येऊन मजकूर तपासत. आता पद्धत सुधारली. आता ती छपाई झाल्यावर येतात. रात्री एक-दीडला सगळा अंक छापून, गठ्ठे सुतळीने बांधून गाडीत चढवायच्या वेळी येतात आणि गठ्ठे घेऊन जातात. मजकुराला बंदी नाही, काहीही लेखी नाही. फक्त कागद गेला, शाई गेली, जाहिरातीचे पैसे गेले. "तुम्ही काय छापलं म्हणून घेऊन गेले, हे सांगतात का?" मी विचारलं. ते हसले. "ते ओळखायचं असतं. दुसऱ्या वेळी ओळखता येतं. तिसऱ्या वेळी आपणच छापत नाही."

बंडखोर नेत्यांच्या मुलाखती, त्यांची निवेदनं, आघाडीवरच्या हालचाली या तांबड्या रेषेपलीकडच्या गोष्टी. तेलाचा भाव रेषेच्या अलीकडे. त्यामुळे सुदानी वाचकाला बॅरलचं शुल्क सेंटपर्यंत माहीत, आणि ते तेल ज्या प्रदेशाजवळून जातं तिथे काय चाललंय ते माहीत नाही. जूनमध्ये तेलाच्या तुटीमुळे सरकारने इंधनावरचं अनुदान कमी केलं, लोक रस्त्यावर आले, आणि त्या निदर्शनांचं वार्तांकन करणाऱ्या एका परदेशी वृत्तसंस्थेच्या बातमीदार बाईंना देशाबाहेर काढण्यात आलं. भाव हा विषयही सुरक्षित राहिला नव्हता तर.

दक्षिणेत स्वातंत्र्य कोवळं होतं, म्हणून मला तिथून जास्त आशा होती. ती फार टिकली नाही. ५ डिसेंबर २०१२ ला जुबात, सरकारवर टीका करणारे लेख आयझया अब्राहम या नावाने लिहिणारे डिंग चान अवोल यांना घराबाहेर बोलावून गोळी घातली गेली.

करार मात्र झाला. २ मे २०१२ च्या सुरक्षा परिषदेच्या २०४६ क्रमांकाच्या ठरावाने दोन्ही देशांना तीन महिन्यांची मुदत दिली होती. नाहीतर निर्बंधांचा विचार होईल असा इशाराही होता. त्याच ठरावात सुदान आणि एसपीएलएम-उत्तर यांनी २८ जूनच्या झटकलेल्या चौकटीवर बोलावं, असंही म्हटलं होतं. पहिल्या मागणीवर सगळ्या जगाचं लक्ष, दुसरीवर जवळपास कुणाचं नाही. मुदत टळता टळता, ऑगस्टच्या सुरुवातीला, म्बेकींनी मध्यरात्रीनंतर जाहीर केलं की तेलावर एकमत झालं आहे.

आकड्यांची फोड हाती आली तेव्हा ती मला त्या सगळ्या वर्षातली सर्वांत सुरेख गोष्ट वाटली, हे कबूल करते. प्रक्रिया १ डॉलर ६० सेंट. वाहतूक ग्रेटर नाईलच्या पाईपलाईनवर ८ डॉलर ४० सेंट, पेट्रोडारच्या पाईपलाईनवर ६ डॉलर ५० सेंट. पारगमन १ डॉलर. बेरीज एकीकडे ११ डॉलर, दुसरीकडे ९ डॉलर १० सेंट. आणि खार्टूमच्या भगदाडासाठी वेगळी रक्कम, साडेतीन वर्षांत ३०२ कोटी ८० लाख डॉलर, बॅरलमागे १५ डॉलरच्या हप्त्याने. म्हणजे जुबा म्हणू शकत होती, आम्ही पारगमनाला एकच डॉलर देतो. आणि खार्टूम म्हणू शकत होतं, आम्हाला बॅरलमागे २४-२६ डॉलर मिळतात. दोन्ही खरं. चांगल्या मध्यस्थाचं कसब यात असतं. दोघांनाही घरी जाऊन आपण जिंकलो असं सांगता यावं असा हिशेब मांडायचा.

ऑम्लेटच्या रांगेतल्या इंजिनिअर साहेबांना मी फोड दाखवली. त्यांनी चष्मा वर करून वाचली, म्हणाले, "वाहतुकीचा दर ठीक आहे. रुमालावरचा पाचवा ठिपका?"

२७ सप्टेंबरला दोन्ही राष्ट्राध्यक्षांनी सह्या केल्या. एका दिवसाची म्हणून बोलावलेली शिखर बैठक दिवसेंदिवस लांबत गेली होती. सह्यांचा गठ्ठा जाडजूड: तेल, सीमा, नागरिकांचे हक्क, व्यापार, निवृत्तिवेतन, बँका. टाळ्या झाल्या. आणि तेल वाहिलं नाही. खार्टूमने आधीच म्हटलं होतं की सुरक्षेचं ठरल्याशिवाय तेलाचं काही अमलात येणार नाही, आणि सुरक्षेचं म्हणजे जुबाने बंडखोरांशी नातं तोडणं. ज्या विषयाला टेबलावर जागा नव्हती त्याने असा करार सहा महिने धरून ठेवला. १२ मार्च २०१३ ला कुठली गोष्ट कुठल्या तारखेला करायची याचं वेळापत्रक झालं, तेव्हा कुठे एप्रिलमध्ये विहिरी उघडल्या. एप्रिलच्याच २७ तारखेला बंडखोर आघाडीने सुदानातल्या उम रवाबा शहरावर हल्ला केला, अबू कर्शोला हे गाव घेतलं. ८ जूनला बशीर यांनी खार्टूमच्या सभेत आपल्या तेलमंत्र्यांना जाहीर हुकूम दिला: दक्षिणेच्या तेलाची पाईपलाईन बंद करा. तेव्हा तेलाच्या भावाबद्दल कुणाचीही तक्रार नव्हती. एकाही सेंटचा वाद नव्हता.

बंद करण्याची तारीख मग पुढे पुढे ढकलली गेली, सप्टेंबरात कीर खार्टूमला आले आणि पाईपलाईन चालू राहिली. मी त्यानंतर तेलाच्या बातम्यांतून बाहेर पडले. डिसेंबर २०१३ मध्ये दक्षिणेतच यादवी सुरू झाली, ग्रेटर नाईलच्या पाईपलाईनला तेल देणाऱ्या युनिटी प्रांतातल्या विहिरी थांबल्या. ते ११ डॉलर अनेक वर्षं कागदावरच राहिले. ९ डॉलर १० सेंटवालं तेल तेवढं वाहत राहिलं.

आता असे करार वाचायची वेळ आली की मी दरांचं कलम शेवटी वाचते. आधी नकाशावर पाईपलाईन ओढते आणि गेल्या वर्षभरात त्या रेषेच्या आसपासच्या कुठल्या गावांतून एकही बातमी आलेली नाही, ते शोधते. अदिसच्या त्या लॉबीत हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण लॉबीत सगळे आकड्यांमागे होते, मीही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पेट्रोडारची ती पाईपलाईन सुदानात फुटली. तोवर सुदानात सैन्य आणि निमलष्करी दल यांचं युद्ध पेटून दहा महिने होत आले होते. जगाला पक्कं कळलं ते मार्चमध्ये, सुदानच्या मंत्रालयाने भागीदारांना पाठवलेल्या पत्रातून: लढाईच्या पट्ट्यात गळती, तेल थिजलेलं, जबाबदारी पाळणं आमच्या हाताबाहेरचं. जागेवरून फोटो नाही, बातमीदार नाही. दक्षिण सुदानची बहुतेक निर्यात जवळपास वर्षभर ठप्प झाली. मी निवृत्त इंजिनिअर साहेबांना फोन लावला. त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

"डिझेल पोचलं नसणार पंपांना," ते म्हणाले, आणि कुठल्या दोन स्टेशनांच्या मधे असेल ते अंदाजाने सांगू लागले.